मिठागरावरचे दोन जाणते

समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार विरघळलेले असतात. त्यांतले २७ किलोच्या आसपास साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. पाणी आटत गेले की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत, ठरलेल्या क्रमाने बसतात. एवढे ज्ञान शाळेच्या पुस्तकात मावते आणि कुठल्याही किनाऱ्यावर खरे ठरते. पण हे पाठ असलेल्या माणसाच्या हाती मिठागर सोपवले, तर पहिल्या हंगामात त्याला पांढरे मीठ मिळण्याची शक्यता कमी. उलट ज्याने जन्मभर मीठ पिकवले त्याला या क्षारांची नावे कदाचित सांगता येणार नाहीत, पण त्याची रास स्वच्छ निघते.

पहिल्या प्रकारचे ज्ञान सामायिक असते. ते लिहिलेले, मोजलेले असते; कोणीही पडताळून पाहू शकतो, आणि एक माणूस गेला म्हणून ते जात नाही. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान वैयक्तिक असते. ते एखाद्याच्या डोळ्यांत, हातांत, टाचेत सरावाने मुरलेले असते आणि त्याला स्वतःलाही ते शब्दांत पुरते मांडता येत नाही. ही दोन ज्ञाने एकमेकांना कशी घडवतात, हा प्रश्न बहुधा वर्गातच चर्चिला जातो. भाईंदरच्या मिठागरांवर तो कामाच्या ओघात रोज सुटत आला आहे.

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठाला भाईंदर आहे. रेल्वेरुळांच्या पूर्वेला खारी, गोडदेव, नवघर ही जुनी गावे. इथे १९८५ साली नगरपालिका आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या खाजणांवर, म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या सखल जमिनींवर, मीठ पिकत होते. आगरी समाजाचा हा पिढीजात धंदा. पावसाळ्यात भात, उघडीप झाली की बांधबंदिस्ती, उन्हाळ्यात मीठ आणि जोडीला खाडीची मासळी, असे वर्षाचे चक्र होते. पुढे अंगमेहनतीचे बरेचसे काम पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागातून हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांकडे गेले.

या लेखात वादाच्या दोन बाजू दोन कल्पित माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. एक खारी गावातले काका, ज्यांची हयात मिठागरावर गेली. दुसरी त्यांची पुतणी, रसायनशास्त्र शिकवणारी. काकांच्या मते खरे ज्ञान तेच, जे माणसाच्या अंगात उतरले. पुतणीच्या मते जे दुसऱ्याला सांगता येत नाही आणि तपासता येत नाही, त्याला कौशल्य म्हणावे. ज्ञान म्हणायला ते सगळ्यांचे व्हावे लागते.

कामाची सुरुवात पाणी घेण्यापासून होते. पावसाळ्यात फुटलेले बांध दुरुस्त झाले की उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातले दार, उघडून खाडीचे पाणी मोठ्या तळ्यांत घेतात. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते.

पुतणी म्हणते, “काका, पाणी कधी घ्यायचं हे तर पंचांगच सांगतं. म्हणजे तुमचं काम सुरूच होतं ते सगळ्यांच्या ज्ञानावर.”

“पंचांग तिथी सांगतं, बाय,” काका म्हणतात. “पाणी घ्यायचं का थांबायचं, ते खाडी सांगते.”

दोघांच्या बोलण्यामागे एक जुना हिशेब आहे. मुंबईपासून कोकणापर्यंत किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत आले आहेत. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला. हा नियम कोणी एकाने शोधलेला नाही. असंख्य माणसांनी आपापल्या बंदरावर जे पाहिले, ते एकमेकांना सांगता सांगता त्याला ही सुटसुटीत मांडणी मिळाली. पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या पिढ्यांना तो तोंडी वापरता येत होता.

पण नियम सोपा होण्यासाठी थोडा अचूकपणा सोडावा लागला. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ घड्याळाच्या २४ तासांतून एक फेरा पूर्ण करते, म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. पाऊणपटीचा नियम ४५ मिनिटे धरतो. पंधरवड्याच्या शेवटी ही तफावत पाऊण तासावर जाते: हिशेबाने सव्वाअकरा येतात, आणि मुंबईला अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास असते. शिवाय जिथे त्या दिवशीची भरती बाराच्या आसपास येते, तिथेच हा नियम लागू पडतो. दुसऱ्या किनाऱ्यावर नेला तर तो चुकेल. मुंबईच्या अपोलो बंदरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून यंत्राने भरतीची नोंद होत आली आहे आणि सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करते. ती पाऊणपटीहून पुष्कळ नेमकी आहेत. तरीही ती बंदराची वेळ सांगतात. भरतीची लाट खाडीत शिरत शिरत आतल्या उघाडीपर्यंत पोचायला आणखी वेळ लागतो. किती, ते खाडीचा गाळ, वारा आणि पात्राची वळणे यांवर ठरते.

काका याच फरकावर बोट ठेवतात. आपल्या उघाडीला पाणी कोष्टकाच्या वेळेहून किती मागाहून येते, हे त्यांना ठाऊक आहे आणि कुठल्याही पुस्तकात ते नाही. शिवाय वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. पावसाळा सरला तरी नदीचे गोडे पाणी बराच काळ खाडीत उतरत राहते. पुस्तकात समुद्राच्या पाण्याचा खारटपणा ठरलेला असतो, पण ऑक्टोबरातल्या खाडीचे पाणी त्याहून फार फिके असते. काका जिभेवर थेंब ठेवून ठरवतात.

पुतणीचे उत्तर मात्र नेमक्या जागी लागते. “काका, पाणी मागाहून येतं असं तुम्ही म्हणता. कशाच्या मागाहून? आधी सगळ्यांची वेळ धरल्याशिवाय तुमचा उशीर तुम्हाला मोजताच आला नसता.”

स्थानिक माणसाचे खास ज्ञान बहुतेक वेळा अपवादाचे ज्ञान असते, आणि नियम माहीत नसेल तर अपवाद दिसतच नाही. काकांची उघाडी, काकांचा वारा, काकांचा उशीर, हे सगळे पाऊणपटीच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. उलट, अपवाद सांगणारी माणसे नसतील तर नियम आपल्या मर्यादेबाहेरही खरा समजला जातो. पाऊणपट मुंबईच्या पट्ट्यापुरती आहे, हेही शेवटी वेगळ्या बंदरावर ती चुकलेली पाहणाऱ्या कोणीतरीच सांगितले असणार.

पाणी घेतल्यानंतरची पायरी म्हणजे भुई तयार करणे. मिठागराचे यश इथेच ठरते आणि लिखित ज्ञान इथेच सर्वांत तोकडे पडते. मीठ ज्या वाफ्यांत धरायचे, त्यांचा तळ घट्ट आणि सपाट लागतो. तळ पोकळ राहिला तर आटवलेले पाणी जमिनीत मुरते. तळ मऊ राहिला तर मीठ ओढताना चिखल सोबत येतो आणि रास काळी पडते. म्हणून खाजणाची काळी चिकण माती भिजवून पायांनी तुडवतात, धोपटतात, थोडी सुकू देतात, पुन्हा तुडवतात. ती फार सुकली तर भेगा पडतात. फार ओली असली तर पायाला चिकटून वर येते. मधली अवस्था उन्हात फार वेळ टिकत नाही, आणि त्या वेळात सगळा वाफा तुडवून व्हावा लागतो.

“टाच दाबायची,” काका सांगतात. “खूण उमटली पाहिजे, पण पाय उचलताना माती वर नाही आली पाहिजे. मग समजायचं, आता लागायचं कामाला.”

“खूण किती खोल?”

“ते दाबल्यावर कळतं.”

“मातीचा नमुना भट्टीत सुकवून आधीचं आणि नंतरचं वजन काढलं, तर त्यात पाणी किती टक्के होतं ते सांगता येईल,” पुतणी म्हणते. “मग प्रत्येक नव्या माणसाला टाचेवर विसंबायला नको.”

“तुझं वजन येईपर्यंत भुई तडकेल. आणि टक्के सांगून मजुराच्या पायाला काय कळणार?”

काकांचा हा मुद्दा मजबूत आहे. मोजमाप अशक्य आहे असे ते म्हणत नाहीत. ते कामाच्या वेळेत हाती येत नाही असे म्हणतात, आणि दोन्हींत फरक आहे. बांधाचेही तसेच. खाजणातले खेकडे बांध पोखरतात. एका भोकातून रात्रभर पाणी झिरपले तर पंधरा दिवस आटवलेले पाणी पुन्हा फिके होते. बांधावरून चालताना मातीचा ओला पट्टा, तिचा जरा गडद रंग, कडेला पडलेल्या बारीक गोळ्या हे सगळे नवख्याच्या डोळ्यासमोर असते आणि त्याला दिसत नाही. खेकडे बांध पोखरतात हे वाक्य त्याला पाठ असले तरीही.

हंगेरीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये काम केलेले मायकेल पोलान्यी यांनी १९५८ साली ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात हाच मुद्दा विज्ञानाबद्दल मांडला. ते स्वतः भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतला कसबी माणूसही पुष्कळ गोष्टी अशा जाणतो की ज्या त्याला नियमांच्या रूपात सांगता येत नाहीत, आणि अशा गोष्टी पुस्तकातून जात नाहीत, उमेदवारीतून जातात, हे त्यांनी सविस्तर दाखवले. याच्या उलट टोकाला कार्ल पॉपर होते. त्यांनी १९७२ सालच्या ‘ऑब्जेक्टिव्ह नॉलेज’ या पुस्तकात ज्ञानाला जाणणाऱ्या माणसापासून वेगळे काढले. सिद्धान्त, प्रश्न, युक्तिवाद हे एकदा मांडले गेले की माणसांच्या मनाबाहेर उभे राहतात, त्यांच्यावर टीका होऊ शकते आणि म्हणूनच ते सुधारतात, असे त्यांचे म्हणणे. काका पोलान्यींच्या बाजूचे, पुतणी पॉपरच्या.

पोलान्यींनी सांगितलेल्या उमेदवारीचा अर्थ मात्र काकांना वाटतो तितका काकांच्या सोयीचा नाही. पुतणी विचारते, “तुमच्या टाचेला हे कोणी शिकवलं?” उत्तर सरळ आहे: वडिलांनी, चुलत्यांनी, शेजारच्या वाफ्यावर राबणाऱ्या बायकांनी. माती ओली असताना कोणी घाई केली की मागून हाक यायची. चुकीचा पाय पडला की कोणीतरी थांबवायचे. पन्नास जणांच्या नजरेखाली एक टाच तयार झाली. काकांची टाच काकांची आहे, तिच्यातले ज्ञान गावाचे आहे. ते गावाने कधी कागदावर उतरवले नाही, एवढेच. तेव्हा लिहिलेले आणि न लिहिलेले ही एक वाटणी, सामायिक आणि वैयक्तिक ही दुसरी; या दोन वाटण्या एकच समजल्यामुळे वाद उगीच वाढतो. न लिहिलेले ज्ञानही सामायिक असू शकते. फक्त ते एकमेकांच्या शेजारी उभे राहून काम करण्यावर जगते, आणि शेजार मोडला की मरते.

तिसरी पायरी पाणी आटवण्याची. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, तिथून लहान वाफ्यांत सरकवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला ते दाट होत जाते. दाटपणा मोजायला काचेची नळी वापरतात. तळाशी वजन भरलेली ही नळी पाण्यात सोडली की उभी तरंगते. पाणी जितके दाट तितकी वर. तिच्यावरच्या खुणांना डिग्री म्हणतात. ही मोजपट्टी फ्रान्समधले औषधनिर्माते अँत्वान ब्योमे यांनी १७६८ साली तयार केली. समुद्राचे पाणी या पट्टीवर ३ डिग्रीच्या जवळपास भरते. तेरा-चौदाच्या पुढे जिप्सम खाली बसू लागते. २५ डिग्रीला, म्हणजे मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागते. २९-३० डिग्रीच्या पुढे मॅग्नेशियमचे क्षार मिठात येऊ लागतात. ते मीठ कडवट लागते आणि हवेतली ओल ओढून पाझरते. म्हणून त्याआधी उरलेले कडू पाणी वाफ्यातून काढून टाकावे लागते. मीठ पिकवण्याची सारी कला पंचवीस आणि तिसाच्या मधल्या खिडकीत काम उरकण्याची आहे.

काकांची डिग्री रंगात आहे. पाणी पिकत आले की त्यावर लालसर झाक येते. आणखी पुढे गेले की बोटांत चोळल्यावर तेलकट लागते, आणि तेव्हा ते सोडून द्यायचे. या दोन्ही खुणांना शास्त्रात कारणे सापडतात. तेलकटपणा मॅग्नेशियम क्लोराइडचा. लाली अतिखारट पाण्यातच तगणाऱ्या सूक्ष्म जीवांची. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या मिठागरांतली लाली मिशेल फेलिक्स द्युनाल यांनी १८३८ साली अशा जीवांशी जोडली, आणि त्यांच्यापैकी एका शैवालाला १९०५ साली द्युनालांवरून ‘ड्युनालिएला’ हे नाव मिळाले. मिठागरांवर राबणाऱ्या माणसांना ही लाली त्याच्या कितीतरी आधीपासून दिसत होती, आणि तिच्यावरून ती माणसे कामही करत होती. खूण आधी आणि कारण नंतर, हा क्रम ज्ञानाच्या इतिहासात वारंवार आढळतो, आणि खूण ओळखणाऱ्यांची नावे त्यात सहसा राहत नाहीत.

नळी आणि नजर यांचे एकमत नसले तर? समजा, भर दुपारी नळी २४ दाखवते आणि काका म्हणतात, पाणी पिकले. पुतणी नळीच्या बाजूने उभी राहील. पण नळी साधारणपणे १५-१६ अंश सेल्सियस तापमानाला जुळवलेली असते. एप्रिल-मेच्या दुपारी वाफ्यातले पाणी ४० अंशांच्या घरात जाते. तापलेले पाणी प्रसरण पावून हलके होते आणि नळी एक डिग्रीच्या आसपास कमी सांगते. म्हणजे काका बरोबर. पण ते का बरोबर, हे मात्र पुतणीच्याच पुस्तकाने सांगितले. दुसरा प्रसंग घ्या. मे महिन्यात अवकाळी सर येऊन गेली. गोडे पाणी हलके, ते दाट पाण्याच्या वर तरंगत राहते. रंग फिका पडला म्हणून वाफा बुडाला असे नजर म्हणेल आणि वरवर बुडवलेली नळीही तेच म्हणेल. वरचा थर ढवळू न देता हलकेच काढून टाकला तर खालचे पाणी वाचते. इथे नजर आणि नळी दोन्ही फसतात. पाणी थरांत राहू शकते ही समज वाचवते, मग ती पुस्तकातून आलेली असो वा आधीच्या एखाद्या बुडालेल्या वाफ्यातून.

डिग्रीच्या बाजूने पुतणी आणखी एक कारण देते. “नजर तुमची. पण डिग्री मालकालाही तीच आणि मजुरालाही तीच. पाणी पिकलं होतं का नव्हतं, मीठ कोणामुळे खराब झालं, यावर भांडण झालं तर नजरेला साक्षीदार नसतो.”

“नळी कोणाच्या खिशात असायची?” काका विचारतात. “मुकादमाच्या. आकडा तोच सांगायचा, आम्ही ऐकायचा.”

हा सवाल-जवाब महत्त्वाचा आहे, कारण इथे ज्ञानाच्या चर्चेत सत्ता शिरते. सामायिक मोजमाप दुबळ्याला आधार देते, हे खरे. पण मोजण्याचे साधन सगळ्यांच्या हाती असेल तरच. ज्या आकड्याला फक्त एकच माणूस पाहू शकतो, तो नजरेइतकाच खासगी असतो. आकड्याचे सामायिकपण आकड्यात नसते, ते पडताळण्याच्या मुभेत असते.

सत्तेचा हा धागा मिठाच्या इतिहासात फार ठळक आहे. ब्रिटिश अमलात मिठावर कर होता आणि मुंबई इलाख्यात १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मीठ पिकवणे, साठवणे, हलवणे यांवर सरकारी नजर बसवली. मीठ कसे करावे हे किनाऱ्यावरच्या घराघराला ठाऊक होते, परवान्याशिवाय ते करणे मात्र गुन्हा ठरला. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला कायदा मोडला आणि लोण महाराष्ट्रात पसरले. मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धाव घेतली, शहरात लोकांनी भांड्यांत समुद्राचे पाणी आटवले.

काकांची यावर एक कारागिराची टिप्पणी आहे. “भांड्यात पाणी कोरडं होईस्तोवर आटवलं, तर सगळेच क्षार उतरतात. असलं मीठ कडू लागतं. आमच्या घरात ते कोणी पानात घेतलं नसतं.”

रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अचूक आहे. कडू पाणी वेळेवर काढण्याची पायरी भांड्यात गळते. समुद्राच्या पाण्यात मीठ असते हे सर्वांना माहीत असणे वेगळे आणि मीठ पिकवता येणे वेगळे. पुतणीही तितकेच बरोबर सांगते: त्या वर्षी जे घडले ते कारागिरांच्या कसबाने घडले नसते. मीठ समुद्राचे आहे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी नसावी, ही साधी गोष्ट एकाच वेळी लाखोंना एकत्र पटली म्हणून कायदा मोडला गेला. सामायिक ज्ञानाचे हे बळ वैयक्तिक ज्ञानाला कधीच येत नाही. मग सामायिक ज्ञान कसबात कितीही कच्चे असो.

पुतणीची सर्वांत भक्कम बाजू आयोडीनची आहे. आहारात आयोडीन कमी पडले की गळ्यातली ग्रंथी सुजून गलगंड होतो, आणि गर्भवतीला ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. भारतात हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागांत गलगंड कमी होताना दिसला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावर २००६ साली देशभर पुन्हा बंदी आली. कारखान्यातून निघताना मिठात दशलक्ष भागांना किमान ३० भाग आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ भाग आयोडीन असावे, असे प्रमाण तेव्हा होते.

काकांचा आक्षेप पुष्कळ घरांत ऐकू येतो. “समुद्राच्या मिठात आयोडीन असतंच की. आम्ही तेच खाल्लं, वर मासळी खाल्ली. आमच्यात कोणाचे गळे सुजले?”

पुतणी हिशेब मांडते. समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात आयोडीन जेमतेम ६० मिलिग्रॅम असते. ते सगळेच्या सगळे त्या २७ किलो मिठात उतरले असे धरले, तरी दशलक्ष भागांना दोन भागांच्या आसपास होते. आणि प्रत्यक्षात त्यातले बरेचसे कडू पाण्यासोबत निघून जाते. म्हणजे जाड्या मिठात आयोडीन पुरेसे असते ही समजूत आकड्यापुढे टिकत नाही. मासळीचे काकांचे म्हणणे वेगळे आहे. मासळीतून आयोडीन मिळते, तेव्हा खाडीकाठच्या घरापुरते ते खरे असू शकते. पण डोंगरातल्या घराबद्दल, किंवा शहरात मासळी न खाणाऱ्या शेजाऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

इथे काका गप्प बसत नाहीत, पण त्यांचा सूर बदलतो. “मिठाकडे बघून हे मला जन्मात कळलं नसतं,” ते मान्य करतात. खरेच कळले नसते. बाळाच्या मेंदूवरचा परिणाम कोणाच्याही वाफ्यात दिसत नाही. तो हजारो घरांची वर्षानुवर्षे तुलना केल्यावरच दिसतो. काही गोष्टी अशा असतात की त्या जाणणारा एक माणूस असूच शकत नाही. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे जाणत्या आणि खरे बोलणाऱ्या माणसाचे वचन. आयोडीनबाबत जवळजवळ प्रत्येक घर या चौथ्या साधनावर उभे आहे, डॉक्टरांचेही घर. त्यात कमीपणा काही नाही. पण शब्दावर विश्वास ठेवायचा तर तो कोणाचा, हे ठरवण्याची कुवत लागते, आणि ती पुन्हा ज्याच्या त्याच्या अनुभवातून येते. ज्या मजुराने आयुष्यभर मुकादमाच्या खिशातला आकडा ऐकला, त्याला सरकारी आकड्यावर लगेच विश्वास बसत नाही, यात त्याचे अज्ञान नाही. पिठाचा द्राव टाकून मीठ निळे पडते का, हे तपासण्याचे साधे संच म्हणूनच महत्त्वाचे. थेंब टाकणाऱ्याला निळा रंग स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

आता प्रश्न उरतो तो हस्तांतराचा. मीठविषयक संशोधनासाठी भावनगरला १९५४ पासून केंद्रीय संस्था आहे; मिठाचे नियमन घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे आणि केंद्राचे मीठ आयुक्तालय ते पाहते. डिग्री, क्षारांचा क्रम, वाफ्यांची मांडणी, शुद्धतेची प्रमाणे हे सगळे तिथे सुरक्षित आहे आणि भाईंदरच्या एकाही वाफ्यात मीठ धरले नाही तरी राहील. काकांच्या बाजूचे तसे नाही. वस्ती खाडीपर्यंत भिडली, मजूर मिळेनासे झाले, घरातली मुले नोकरीला लागली की ते पाहता पाहता संपते.

“मग लिहून ठेवू या,” पुतणी म्हणते. “तुम्ही सांगा, मी उतरवते.”

सांगता येण्याजोगे खरोखरच पुष्कळ आहे. कोणत्या उघाडीला बंदराच्या वेळेहून भरती किती उशिरा लागते, पावसानंतर खाडी कितव्या पंधरवड्यात पुरेशी खारी होते, सकाळचा जमिनीवरून येणारा कोरडा वारा आणि दुपारचा दमट खारा वारा यांत पाणी आटण्याचा वेग कसा बदलतो, कोणत्या बांधाला खेकडा जास्त लागतो, या सगळ्याच्या नोंदी होऊ शकतात. काका या नोंदींना तुच्छ मानतात, ती त्यांची चूक आहे. पाऊणपटीचा नियमही कधीकाळी अशाच सुट्या नोंदींचा ढीग होता.

टाचेखालची भुई मात्र वहीत उतरत नाही. तिच्यासाठी एक तरी चालू वाफा लागतो, ओली माती लागते, आणि ज्याची टाच तयार आहे असा माणूस नवख्याच्या शेजारी उभा लागतो. पुतणी हे अखेर मान्य करते, पण अटीवर: शेजारी उभा राहणारा जे शिकवतो ते बरोबर आहे का, हे पाहायला तळ किती पाणी पितो याचे मोजमाप रोज झाले पाहिजे, आणि ती नळी व ती वही शिकणाऱ्याच्याही हातात असली पाहिजे. काकांची अट वेगळी आहे. पहिला महिनाभर नळी बाजूला ठेवायची, पोराने आधी पाण्याचा रंग सांगायचा आणि मग डिग्री पाहायची. या क्रमाबद्दल दोघांत एकमत नाही. अट कोणाचीही पाळली तरी, उन्हाळा सुरू होण्याआधी पाणी घेतलेला एक वाफा दोघांनाही लागणार आहे.